कळसूबाईची रंगीत तालीम

कळसूबाईला जायचं ठरलं तेव्हा सगळ्यात आधी प्रश्न उभा राहिला तो माझ्या पायजम्याचा. पायजमा म्हणजे ट्रॅकपँट. नाशिकला नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीने व्हिडिओ कॉलवर बजावलं, "आई, साडी नेसून यायचं नाही हं. वर लोखंडी शिड्या आहेत, पदर अडकला तर मागचे सगळे खोळंबतील. बूट आणि ट्रॅकपँट. आणि त्याआधी थोडी चढायची सवय करा दोघं." तिचा बेत एका दिवसाचा होता. पहाटे नाशिकहून निघायचं, ऊन तापायच्या आत शिखर गाठायचं, वरच्या देवीचं दर्शन घ्यायचं आणि दिवेलागणीला घरी परत. रविवारी तिथे जत्रेसारखी गर्दी होते म्हणून तिने शनिवार निवडला होता. आम्हा नवरा-बायकोला फक्त बडनेऱ्याहून रेल्वे धरायची होती.

ट्रॅकपँट मी यवतमाळच्या बाजारातून आणली. दुकानदाराने "काकांसाठी का?" असं विचारलं आणि मी मुकाट्याने हो म्हणाले. घरी येऊन दार लावून ती घातली, कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले आणि मला माझीच लाज वाटली. पन्नाशी ओलांडलेली बाई साडीत बरी दिसते, कारण जे झाकायचं ते साडी झाकून घेते. इथे सगळाच कारभार उघडा. एवढ्या मांड्या आपल्या कधी झाल्या, असा प्रश्न पडला. तरी मनातून मी खूश होते. एक पाय उचलून पलंगावर ठेवला, खाली घेतला, पुन्हा ठेवला. इतका सहज पाय मी कित्येक वर्षांत उचलला नव्हता. लाज काय, दोन दिवसांत मोडेल, असं स्वतःला सांगून पँट घडी करून कपाटात ठेवली.

लाज मोडलीही असती. पण ह्यांच्या पोटात काही राहत नाही. नवी गोष्ट कळली की ह्यांना ती सगळ्यांना सांगून मोकळं व्हायचं असतं. त्याच संध्याकाळी ह्यांनी घाटंजीकडच्या गावी मोठ्या भावाला फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून मला स्वयंपाकघरात सगळं ऐकू आलं.

"देवीचं ठाणं हाय म्हंते ना वरती?" तिकडून आवाज आला. "मंग मी बी येतो."

"या ना दादा," हे म्हणाले.

दुसरं काही म्हणणं ह्यांना शक्यच नव्हतं. सासरे गेले तेव्हा हे शाळेत होते. दादांनी स्वतःचं शिक्षण सोडून वावर सांभाळलं आणि धाकट्याला यवतमाळला कॉलेजात ठेवलं. दादा बाजेवर बसलेले असले तर हे अजूनही खाली सतरंजीवर बसतात. मोठ्या जाऊबाई वारल्यापासून दादांचं आमच्याकडे येणं वाढलं होतं. कापूस विकायला आले की मुक्काम आमच्याकडेच असायचा, आणि तो असावा असंच मलाही वाटे.

नात्याने ते माझे भासरे. हे त्यांना दादा म्हणतात, लेक मोठे बाबा म्हणते. मी काहीच म्हणत नाही. इथे लिहायला सोपं जावं म्हणून दादाच म्हणते. भासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, त्यांच्यासमोर बसायचं नाही, त्यांच्या पुढून जायचं नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, हे मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं. पुढे सासूबाई गेल्या, गावातल्या इतर सुनांनी ते सगळं सोडून दिलं, पण आमच्यात ते तसंच राहून गेलं. माझ्या लग्नाला पंचवीसच्या वर वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी एक वाक्य बोलले नव्हते आणि तेही माझ्याशी बोलले नव्हते. भांडण म्हणाल तर मुळीच नाही. तो मान होता, दोन्हीकडून. हे घरी असले की बोलणं ह्यांच्यामार्फत, लेक असली की तिच्यामार्फत, आणि कोणीच नसलं की भिंतीमार्फत. दादा समोरच्या खोलीत बसून भिंतीला सांगत, "आभाळ आलं. वाळवण काढाव लागते." मी आतून ओट्याला सांगे, "काढलं म्हणा." बी.ए. झालेली बाई असं कसं वागते असं कोणी विचारलं तर एवढंच सांगेन. सवय होती आणि सोयही होती. एवढ्या वर्षांत आमच्यात कधी कुरबूर झाली नाही, ती भिंत मध्ये होती म्हणूनच.

पण त्या माणसापुढे ट्रॅकपँट घालून शिड्या चढायच्या, आणि तेही ते खाली आणि मी वर? मेले तरी जमलं नसतं.

"मोठे बाबांना काय वाटणार आहे गं?" लेक म्हणाली.

"तुले नाही समजायचं थे."

"मग नेस साडी आणि बस खाली पायथ्याशी. मी आणि बाबा वर जाऊन येतो."

तिने गमतीत म्हटलं, पण मला ते लागलं. मी कधी कुठल्या शिखरावर गेले होते? आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला, माझ्या पायांना, कुठेतरी चढायला बोलावलं होतं. तो सगळा राग मी दादांवर काढला. अर्थात मनातल्या मनात. ह्या वयात दादांना कळसूबाई कशाला हवी? माहूरला जातातच ना दर वर्षी? देवीच तर आहे दोन्हीकडे. भाजी चिरता चिरता मी देवीलाच विनवलं, की बाई, तुझ्याकडे येते आहे, तर दादांना चांगली खोकला-सर्दी होऊ दे. मोठं काही नको, चार दिवसांची. असली मागणी करताना मला तेव्हा जराही लाज वाटली नाही.

पुढच्या आठवड्यात दादा आले आणि संध्याकाळी समोरच्या खोलीत बेत पक्का करायची बैठक झाली. दादा दिवाणावर, हे खाली, मी स्वयंपाकघराच्या दाराआड. ह्यांचं म्हणणं पडलं की बडनेऱ्यापर्यंत जाण्यापेक्षा इथूनच ट्रॅव्हल्स पकडू, झोपून जाता येतं.

"थे मधात थांबते काय?" दादांनी विचारलं.

"थांबते ना. एकडाव ढाब्यावर."

"एकच डाव?" दादा थोडा वेळ गुडघा चोळत बसले. "मंग रेल्वेच बरी."

रेल्वे ठरली. मग डोंगराची चौकशी सुरू झाली. किती वेळ लागतो, पायऱ्या कशा आहेत, हे विचारायचं सोडून दादा म्हणाले, "चढतानी मधात झाडी हाय काय?"

ह्यांना माहीत नव्हतं. मी दाराआडून म्हटलं, "सांगा म्हणा, झाडी नाही. उघडाच डोंगर हाय आन् सगळीकडे माणसंच माणसं."

"हो काय," दादा म्हणाले, आणि पुन्हा गुडघा चोळायला लागले.

दादा फिरायला बाहेर पडल्यावर मी लेकीला फोन करून त्यांची नक्कल केली. थे मधात थांबते काय, मधात झाडी हाय काय. डोंगर चढायला निघालेल्या माणसाला सगळी काळजी मध्येच थांबायची, असं म्हणून आम्ही दोघी पोट धरून हसलो. तिने हसता हसता फर्मान काढलं की येत्या रविवारी तिघांनी गावाबाहेरच्या टेकडीवर रंगीत तालीम करायची, म्हणजे कोण किती पाण्यात आहे ते कळेल.

रविवारी सकाळी आम्ही टेकडीच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा चांगलीच थंडी होती. मी मधला मार्ग काढला होता. आत ट्रॅकपँट, वरून साडी, त्यावर ह्यांचं जुनं स्वेटर, डोक्यावर पदर आणि पायात पांढरे बूट. चालताना साडी पँटला चिकटून वर वर चढत होती आणि मी ती खाली ओढत होते. हे नवे बूट घालून पुढे निघाले. चार पावलं चढायचे, थांबून स्वतःचा फोटो काढायचे आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचे. त्यांच्या मागे दादा, पांढरा पायजमा, सदरा आणि खांद्यावर पाण्याची बाटली अडकवलेली. तिघांच्याही बाटल्या घरी मीच भरल्या होत्या. आणि दादांच्या मागे, रीतीप्रमाणे अंतर ठेवून, मी.

थोडं चढल्यावर दादा वाट सोडून झुडपाआड गेले. मी तोंड फिरवून गावाकडे बघत उभी राहिले. ते परत वाटेला लागले, मी मागून निघाले. थोड्या वेळाने ते पुन्हा झुडपाआड. मग पुन्हा. थंडीचे दिवस आहेत, होतं असं, इतकाच विचार मी केला. पण ते थांबले की मला थांबावं लागत होतं, कारण त्यांच्या पुढून जायचं नाही. माझे पाय चांगले चालत होते, दम लागत नव्हता, मला वर जायचं होतं, आणि हा माणूस घडीघडी वाट अडवत होता. माझा जीव नुसता चडफडत होता. असे हे कळसूबाई चढणार, असं मी मनात म्हणत होते.

वरच्या अंगाला टेकडी उघडी आहे. झुडपं संपतात, नुसते खडक आणि वाळकं गवत. त्यातून रविवार, म्हणून कॉलेजची पोरंपोरी मोबाईल धरून जागोजागी उभी होती. कोणी नाचत होतं, कोणी त्याचा व्हिडिओ काढत होतं. दादा चालता चालता थांबले. एका दगडावर बसले, लगेच उठले. चारी बाजूंना बघितलं. मग एकदम भराभर चालायला लागले, माथ्याजवळ एक मोठा खडक आहे त्याच्या दिशेने, आणि त्याच्यामागे दिसेनासे झाले. म्हातारा शेवटी हलला, असं म्हणून मीही जोरात निघाले. वाट खडकाला वळसा घालूनच जाते.

मी वळसा घेतला. दादा खडकाकडे तोंड करून उभे होते. त्यांचा पांढरा पायजमा गुडघ्याखालपर्यंत ओला झाला होता. बुटापाशी वाफ निघत होती. त्यांनी खांद्यावरची बाटली काढली, झाकण उघडलं आणि सगळं पाणी पोटावरून खाली ओतून घेतलं. त्या थंडीत, हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत.

मी दोन पावलं मागे सरकले, पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. ते वळले तेव्हा मी नुकतीच वळणावर आल्यासारखी उभी होते. मी काय पाहिलं, हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

तेवढ्यात हे वरून उतरत आले. "दादा, काय झालं हो?"

"बाटलीचं झाकण ढिल्लं होतं," दादा म्हणाले. "समदं पानी सांडलं."

"थंडीत चांगलीच आंघोळ झाली तुमची," हे हसले. बाजूची दोन पोरंही बघून हसली. ह्यांनी दादांच्या हातातून बाटली घेतली, झाकण लावलं, फिरवून बघितलं, बाटली उलटी करून हलवली. "बराबर तं बसून राह्यलं झाकण. कसं काय सांडलं?"

ह्यांच्या मनात काहीही नव्हतं. ह्यांना घरातल्या नळाचा वायसर बघायची जशी सवय तशीच बाटलीचं झाकण बघायची. पण दादांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मला वाटलं, आता हा माणूस इथे रडेल. आणि मी पुढे होऊन त्यांना म्हणाले, "झाकण माह्याच हातानं तिरपं लागलं होतं. माहीच चूक हाय थे."

ह्यांना नव्हे. दादांना म्हणाले. सरळ, त्यांच्या तोंडाकडे बघून.

मला फक्त त्यांना सोडवायचं होतं. हेच वाक्य मी ह्यांना सांगितलं असतं, "सांगा म्हणा, झाकण मीच तिरपं लावलं," तर तिथल्या तिथे सगळं निभावलं असतं. रोजच्यासारखी एक गोष्ट झाली असती. पण मी रोजच्यासारखी बोलले नाही. इतकी वर्षं जिने आपल्यासमोर तोंड उघडलं नाही, ती बाई बाटलीच्या झाकणासाठी ते उघडणार नाही, हे न कळायला दादा काही खुळे नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. लग्नापासून पहिल्यांदा आम्ही एकमेकांकडे बघितलं असेल. मी सगळं पाहिलं आहे, हे त्यांना समजताना मी समोर उभं राहून बघितलं. मग त्यांनी मान फिरवली आणि खाली उतरायला लागले.

हे मात्र खूश. "काव, बोलली तू दादाशी! बरं झालं एकडावचं. कायले पायजे थे जुनंपुराणं?" खाली येईपर्यंत हे तेच बोलत होते. मला वाटत होतं की जमिनीने मला पोटात घ्यावं.

घरी आल्यावर मी बादली भरायच्या आधीच दादांनी अंगणातल्या नळावर स्वतःचा पायजमा धुतला, पिळला आणि ओलाच पिशवीत कोंबला. ह्यांची पँट घालून दुपारच्या एसटीने गेले. दोन दिवसांनी त्यांचा ह्यांना फोन आला की गुडघे दुखून राह्यले, तुमीच जाऊन या. ह्यांनी त्यांचं तिकीट रद्द केलं आणि हळहळले. लेकीने मला मेसेज पाठवला, की आता घाल बिनधास्त ट्रॅकपँट. मी फोन उपडा ठेवून दिला.

गाडी मध्ये थांबते का, वाटेत झाडी आहे का, ते सगळं मला आता कळत होतं, आणि मी फोनवर केलेली नक्कल आठवली की कानशिलं तापत होती. पुरुषांना उतारवयात होतो हा त्रास. औषध आहे, ऑपरेशनही असतं. आमच्याच कॉलनीतल्या एका गृहस्थांचं झालं आणि ते आता मजेत आहेत. दादांना दवाखान्यात न्यायला हवं होतं. पण सांगायचं कोणी? मी ह्यांना सांगायचं, तर ह्यांच्या पोटात राहत नाही. दादांकडे पोचायच्या आधी ती गोष्ट घाटंजीपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांकडे पोचली असती. आणि दादांशी मी स्वतः बोलायचं, तर एकदा बोलून काय झालं ते मी बघितलं होतं. मी गप्प बसले. गप्प बसणं मला चांगलं येतं.

कळसूबाईच्या आधीच्या आठवड्यात दादा कापूस घेऊन आले. माल विकून दुपारी घरी टेकले, पण दिवाणावर मागे सरकून बसले नाहीत, नुसते काठावर. ह्यांनी पाण्याचा ग्लास समोर ठेवला. "आत्ताच पेलो मी बजारात," असं म्हणून त्यांनी तो बाजूला सारला. चहाला नको म्हणाले, जेवायला नको म्हणाले. मी दाराआड उभी होते. त्यांनी भिंतीलाही काही सांगितलं नाही. मुक्काम करा म्हणून हे मागे लागले, तरी संध्याकाळच्या गाडीला गेले.

हे त्यांना स्टँडवर सोडून आले, चपला काढल्या, आणि टेबलावरचा तो भरलेला ग्लास बघत उभे राहिले. आपल्या घरचं पाणी सख्ख्या भावाने नाकारलं, याचा अर्थ आमच्याकडे एकच होतो.

"तू दादाले काही बोलली काय?" ह्यांनी विचारलं.

खरं उत्तर हो असंच होतं. एकदाच बोलले होते, आणि त्याचाच हा परिणाम होता. पण काय बोलले आणि का बोलले हे सांगायचं तर खडकामागचं सगळं सांगावं लागलं असतं.

"हो," मी म्हणाले.

"काय बोलली?"

"म्हटलं, आमी दोघंच जातो. तुमी कायले येता, उगा आमाले अडचन."

खोटं बोलताना माझी जीभ अडखळते आणि हे मला लगेच पकडतात. त्या दिवशी ती अडखळली नाही. वाक्य असं घरंगळत बाहेर आलं की माझं मलाच नवल वाटलं, आणि मग कळलं, की ते काही मी तेव्हा रचलं नव्हतं. ह्यांनी एका क्षणात विश्वास ठेवला. ही असं बोलूच कशी शकेल, असं ह्यांच्या मनात आलंही नाही.

"त्यानं मले शिकवलं व," हे एवढंच म्हणाले आणि फोन घेऊन अंगणात गेले.

दादा अजून गाडीतच असतील. मी दारापाशी आले. हे सांगत होते, "दादा, तिचं मनावर घेऊ नका. ती तुमाले काय बोलली थे आता माहीत पडलं मले. मीच माफी मांगतो." मग हे नुसते ऐकत उभे राहिले. खूप वेळ तिकडून काही येत नसावं, कारण ह्यांनी दोनदा "हॅलो, हॅलो" केलं. मी दाराची चौकट धरून उभी होते. खरं सांगते, त्या वेळी मी वाट बघत होते, की दादा म्हणतील, नाही रे, ती काही बोलली नाही. मला एवढंच हवं होतं, की कोणीतरी म्हणावं, ती अशी नाही.

हे आत आले. माझ्याकडे न बघता फोन चार्जिंगला लावला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणे, हो, बोलली थे. पण तू तिले काही म्हणू नको."